कपाळ मोजले, छप्पर कधी मोजणार?

२०२० साली टाळेबंदी शिथिल झाली आणि निगडी ते चाकण पट्ट्यातील कारखान्यांची दारे पुन्हा उघडली, तेव्हा बहुतेक दारांशी एक नवे उपकरण आले होते. पिस्तुलासारखा दिसणारा तो तापमापक पहारेकरी प्रत्येक कामगाराच्या कपाळासमोर धरी, आणि आकडा मर्यादेत असेल तरच आत सोडी. साथीच्या दिवसांत ती खबरदारी योग्यच होती. परंतु ज्या व्यवस्थेला कामगाराच्या कपाळाची उष्णता जाणून घेण्याची एवढी निकड वाटली, तिला तो ज्या पत्र्याच्या छपराखाली आठ-आठ, बारा-बारा तास राबतो तेथील हवा मोजावीशी का वाटू नये?

कपाळासमोर धरलेले ते उपकरण या कामाचे नव्हे. ते केवळ पृष्ठभागाचे तापमान सांगते. हवेतील दमटपणा त्याला कळत नाही. माणसाचे शरीर तर घाम वाळला तरच थंड होते. हवा दमट असली की घाम निथळतो, पण वाळत नाही, आणि उष्णता शरीरातच कोंडते. म्हणून हवामानशास्त्राने फार पूर्वीच दोन तापमापकांची जोडी योजली. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओले कापड. ही जोडी दांड्याला लावून हाताने गरगर फिरवायची आणि दोन्ही आकडे वाचायचे. दोहोंतील अंतर जितके कमी, तितकी हवा दमट. आज हेच काम खिशात मावणारी, बॅटरीवर चालणारी उपकरणे करतात.

केवळ कोरड्या आकड्यावर विसंबल्याने काय घडते, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरने दाखविले. जवळच्या हवामान केंद्रावर कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. आकडा भीतिदायक नव्हता. तरीही उघड्या मैदानावरील शासकीय सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. किनाऱ्यावरची दमट हवा आणि डोक्यावरचे ऊन त्या एका आकड्यात मावत नव्हते.

कामगार चळवळीला हे मोजमाप अपरिचित नाही. कापड गिरण्यांच्या ज्या खात्यांत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट केली जाई, तेथे ओल्या-कोरड्या तापमापकांची जोडी टांगणे आणि दिवसातून तीन वेळा आकडे वहीत नोंदणे नियमाने बंधनकारक होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १३ व्या कलमाने वायुवीजन व सुसह्य तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. १९८७ च्या दुरुस्तीने मापनाची योग्य उपकरणे ठेवण्याचा व नोंदी राखण्याचा आदेश देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. नमुना नियमांत तर मर्यादाही स्पष्ट होती : जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ओल्या तापमापकाचा आकडा ३० अंशांच्या वर जाता कामा नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली आहे. जुन्या नियमांतील हा आकडा व ही वही नव्या व्यवस्थेत हरवू न देणे हे आपले काम आहे.

उपकरणे दुर्मीळ आहेत, ही सबबही टिकणारी नाही. निगडीपासून तासाभराच्या अंतरावर, पुण्याच्या शिवाजीनगरात, हवामान खात्याचे कार्यालय १९२८ पासून आहे. स्वातंत्र्यानंतर तेथेच ॲना मणी यांनी परदेशी उपकरणांवरील अवलंबन संपविण्यासाठी सुमारे शंभर हवामान-उपकरणांची रेखाचित्रे प्रमाणित करून ती देशात बनविण्याचा पाया घातला. वैमानिकाला आणि शेतकऱ्याला त्या कष्टाचे फळ मिळाले. कारखान्यातील कंत्राटी कामगार मात्र अजून वंचित आहे.

कोणी म्हणेल, उकडते हे सांगायला यंत्र कशाला हवे? अंगावरचा घाम संध्याकाळी वाळून जातो. निरीक्षकापुढे त्याची साक्ष चालत नाही. तारीख, वेळ आणि जागा यांसह लिहिलेला आकडा मात्र साक्ष देतो. लहान शेडचा मालकही मोठ्या कंपनीने ठरविलेल्या दरात पिचलेला असतो, हे खरे. म्हणूनच छपराला उष्णतारोधक थर, हवा खेचणारे पंखे आणि दुपारची सुटी यांचा खर्च ज्या कंपनीसाठी माल तयार होतो तिने उचलावा, ही मागणी आकड्यांच्या आधारे करता येईल.

तेव्हा साथींनी सुरुवात स्वतःपासून करावी. प्रत्येक शाखेने वर्गणी काढून दमटपणा मोजणारे एक उपकरण घ्यावे. मार्च ते जून या चार महिन्यांत, शेडमध्ये आणि ट्रान्सपोर्टनगरीत हमाल माल उतरवितात त्या जागीही, दिवसातून तीन वेळा नोंद करावी. भट्टीजवळ तप्त लोखंडाची धग या जोडीला पुरती कळत नाही. तेथे काळ्या गोलातील तापमापकाची मागणी करावी. एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये आणि एकही आकडा फुगवू नये. आपली वही खरी असेल, तरच मालकाची वही मागण्याचा अधिकार आपल्याला राहील.