कोणी कोणाशी खेळायचे? अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या वेळापत्रकाचा तिढा

मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते : "शनिवारी फोन करू नका म्हणतो आमचा, मॅच असते." मुलगा किंवा मुलगी ओहायोत, इंडियानात नाहीतर मिशिगनमध्ये एम. एस. करत असते. इथे असताना क्रिकेटपलीकडे कधी पाहिले नाही आणि तिथे मात्र सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून लाखभर लोकांच्या गर्दीत उभी! पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना ऑक्टोबरात आपल्याकडे रविवारी पहाटे पाचला दिसतो. काही आईवडीलही आता तो उठून बघू लागले आहेत.

त्यांच्यापैकी एकांनी विचारले, "अहो, आमच्या मुलाचा संघ अमुक संघाशी खेळलाच नाही, मग पहिला कोण हे ठरवतात कसे?" प्रश्न साधा वाटतो, पण सध्या अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये जो वाद चालू आहे, त्याचे मूळ नेमके इथेच आहे. म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, शिरस्त्राण घालून खेळायचा तो खेळ. विद्यापीठांचे संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेले असतात. प्रत्येक संघाला नियमित मोसमात साधारण १२ सामने मिळतात. त्यांतले ८ किंवा ९ आपल्या कॉन्फरन्समधल्या संघांशी, बाकीचे बाहेरच्यांशी. खेळ अंगावर येणारा असल्यामुळे आठवड्याला एकच सामना होतो. म्हणजे सामने हवे तेवढे वाढवता येत नाहीत. सगळा तिढा इथून सुरू होतो.

पूर्वी कॉन्फरन्स लहान होत्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-टेनमध्ये दहा संघ होते आणि २००६ ते २०१० या काळात प्रत्येक संघ उरलेल्या नऊही संघांशी दरवर्षी खेळत असे. 'बिग ट्वेल्व्ह'मध्येही २०११ पासून अकरा-बारा वर्षे हीच पद्धत होती. प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडली की तक्ता स्वच्छ असतो, वादाला जागा उरत नाही.

मग दूरचित्रवाणीचा पैसा आला. 'बिग टेन'ने २०२२ साली तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, तो सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा. मोठी नावे आपल्याकडे ओढण्याची चढाओढ लागली. २०२४ पासून बिग टेनमध्ये १८ संघ आहेत, म्हणजे नावात दहा आणि पंगतीला अठरा. दक्षिणेकडच्या एसईसीमध्ये १६ आणि एसीसीमध्ये १७. एसीसी म्हणजे 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स', पण तिच्यात आता पॅसिफिक किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्नियाही आहेत! जुनी पॅक-ट्वेल्व्ह मात्र २०२४ मध्ये दोन संघांवर येऊन ठेपली.

याचा परिणाम काय होतो, ते एसीसीच्या २०२५ च्या मोसमात दिसले. १७ संघ, म्हणजे प्रत्येकाला १६ प्रतिस्पर्धी, आणि कॉन्फरन्सचे सामने मात्र ८. एकूण १३६ जोड्यांपैकी निम्म्याच जोड्या मैदानात उतरणार. मोसमाअखेर व्हर्जिनिया ७ विजय आणि १ पराभव घेऊन पहिली आली. दुसऱ्या जागेसाठी मात्र पाच संघ बरोबरीत होते : मायामी, पिट्सबर्ग, जॉर्जिया टेक, एसएमयू आणि ड्यूक. सगळ्यांचे ६ विजय, २ पराभव. हे पाचही एकमेकांशी खेळलेले नसल्यामुळे आपसातल्या निकालांवरून निवाडा होईना. शेवटी, ज्यांच्याशी खेळलो त्या संघांची कामगिरी कोणाच्या बाबतीत सरस, या हिशेबाने ड्यूकला अंतिम सामन्यात जागा मिळाली. याच ड्यूकला जॉर्जिया टेकने त्याच मोसमात हरवले होते. मायामीशी तर त्यांची गाठच पडली नव्हती.

ड्यूकने तो अंतिम सामना जादा वेळेत जिंकला आणि विजेतेपद मिळवले. त्यात त्यांचा काही दोष नाही. समोर आलेला सामना ते खेळले आणि जिंकले. पण राष्ट्रीय स्पर्धेच्या बारा संघांत त्यांना स्थान मिळाले नाही. तिथे गेली मायामी, आणि ती थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचली. म्हणजे कॉन्फरन्सचा विजेता घरी आणि अंतिम सामन्यालाही न पोचलेला संघ राष्ट्रीय मैदानात. त्याच मोसमात व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट हे एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ एकमेकांशी खेळले, पण तो सामना 'कॉन्फरन्सबाहेरचा' म्हणून धरला गेला. व्हर्जिनिया तो हरली, तरी तक्त्यात त्याची नोंद नाही. घरातल्या घरात जेवायचे आणि पाहुणे म्हणून पान मांडायचे, त्यातला हा प्रकार.

याउलट मायामीला राष्ट्रीय स्पर्धेत शेवटची जागा मिळाली, त्यातही एक धडा आहे. त्या जागेसाठी मायामी आणि नोत्र दाम यांच्यात तुलना होती, दोघांचेही १० विजय, २ पराभव. मोसमाच्या सुरुवातीलाच मायामीने नोत्र दामला २७-२४ असे हरवले होते आणि तो निकाल कामी आला. कागदावरच्या शंभर हिशेबांपेक्षा प्रत्यक्ष खेळलेला एक सामना अधिक बोलतो.

मग उपाय काय? पहिला सुचतो तो भौगोलिक विभागांचा. १८ संघांचे नऊ-नऊचे दोन भाग करायचे, भागातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, मग दोन्ही भागांतले पहिले अंतिम सामना खेळतील. बडोदेकरांना हे ओळखीचे वाटेल. रणजी करंडकात पूर्वी हेच होते. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र आणि आपला बडोदा. मुंबईचा संघ दरवर्षी भेटायचाच, त्यामुळे त्या सामन्याची चर्चा पोळावरही व्हायची आणि कचेरीतही. पण विभाग समतोल नसले की अन्याय होतो, हेही आपण भोगले आहे. १९५८-५९ पासून मुंबईने सलग पंधरा वेळा करंडक जिंकला आणि त्यातली बरीच वर्षे विभागातून एकच संघ पुढे जाई. शेजारी मुंबई असणे हेच बडोद्याचे दुर्दैव. १९५७-५८ नंतर आपल्याला करंडक परत मिळाला तो थेट २०००-०१ मध्ये.

बिग टेनलाही हाच अनुभव आला. २०१४ पासून त्यांनी पूर्व आणि पश्चिम असे विभाग केले. ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट हे तिन्ही बलाढ्य संघ पूर्वेत आले. २०२३ पर्यंतचे दहाही अंतिम सामने पूर्वेने जिंकले. म्हणून २०२४ मध्ये विभागच मोडले.

पण विभाग मोडले की दुसरी गोष्ट हातातून जाते, ती म्हणजे शेजार. रणजीचे विभाग २००२-०३ मध्ये गेले. आता बडोदा आणि मुंबई एका गटात येतील की नाही, हे त्या त्या वर्षीच्या गटांवर ठरते. २०२४-२५ मध्ये ते एका गटात होते आणि आपण कोटंबीच्या मैदानावर मुंबईला ८४ धावांनी हरवले. पुढच्याच मोसमात दोघे वेगळ्या गटांत. परतफेडीचा सामनाच नाही!

अमेरिकेत हे नुकसान फार मोठे आहे, कारण तिथे गावागावांचे नाते या सामन्यांवर उभे आहे. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट १९१० पासून दरवर्षी खेळत होते. ओक्लाहोमा एसईसीत गेली आणि २०२३ नंतर तो सामना थांबला. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामना २०११ नंतर असाच बंद पडला होता. टेक्सासही एसईसीत आल्यावर २०२४ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी, तो पुन्हा झाला. त्या मधल्या काळात शिकून गेलेल्या मुलांनी तो सामना फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला.

माझ्या मते सगळ्या हिशेबाचे माप इथेच आहे. हे संघ व्यावसायिक मालकांचे नाहीत, विद्यापीठांचे आहेत. विद्यार्थी तिथे साधारण चार वर्षे असतो. तेव्हा वेळापत्रक चांगले की वाईट, हे एका मोसमाकडे पाहून ठरवू नये, चार वर्षांच्या फेऱ्याकडे पाहून ठरवावे. चार वर्षांत त्या विद्यार्थ्याची गाठ कॉन्फरन्समधल्या प्रत्येक संघाशी, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या मैदानावर, पडली पाहिजे. शिवाय जुना शेजारी दरवर्षी भेटला पाहिजे.

एसईसीने २०२६ पासून नेमके हेच ठरवले आहे. आठऐवजी नऊ सामने, त्यांत तीन कायमचे प्रतिस्पर्धी. उरलेले बारा संघ सहा-सहा करून आळीपाळीने. दोन वर्षांत सगळ्यांशी एकदा गाठ, चार वर्षांत घरी आणि दारी दोन्हीकडे. हिशेब चोख बसतो. या नवव्या सामन्याला बराच काळ विरोध झाला, कारण त्यामुळे दरवर्षी निम्म्या संघांच्या नावावर एक पराभव वाढतो आणि दुबळ्या पाहुण्याला बोलावून मिळवायचा एक सोपा विजय कमी होतो. पण राष्ट्रीय निवड करणाऱ्यांनी कठीण सामन्यांतल्या पराभवाकडे थोड्या उदारपणे पाहिले, तर ही भीती आपोआप कमी होईल.

बिग टेनला हा सदरा तसाच होत नाही. १७ प्रतिस्पर्धी आणि ९ सामने. एकच कायमचा शेजारी ठेवला, तर उरलेले सोळा दोन वर्षांत बरोबर बसतात. पण आयोवासारख्या संघाला मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का असे तीन शेजारी आहेत, तर पेन स्टेटने एकही कायमचा सामना मागितलेला नाही. म्हणून त्यांनी ज्याला जितके शेजारी तितके कायमचे सामने, अशी सवड ठेवली. गणितात ती जरा ओबडधोबड आहे, पण माणसांना धरून आहे. एसीसीही आता नऊ सामन्यांकडे चालली आहे, पण १७ गुणिले ९ म्हणजे १५३. ही विषम संख्या दोन-दोनच्या जोड्यांत बसत नाही. कोणातरी एकाला दरवर्षी आठच सामने मिळणार, आणि तक्त्यात पुन्हा खोट राहणार. अठरावा संघ घेणे किंवा एक कमी करणे, एवढेच दोन सरळ रस्ते.

राहता राहिले अंतर. न्यू जर्सीचे रटगर्स, जिथे एडिसनच्या आसपासच्या आपल्या कितीतरी कुटुंबांची मुले जातात, आता लॉस एंजेलिसच्या संघांच्याच कॉन्फरन्समध्ये आहे. मधले अंतर सुमारे चार हजार किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉलचा संघ मोसमात चार-पाच वेळाच बाहेर जातो, तेही खास विमानाने. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे सामने कितीतरी जास्त असतात आणि तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी. फुटबॉलच्या पैशासाठी कॉन्फरन्स वाढवली, त्याची किंमत त्या मुली बुडालेल्या तासांनी आणि अपुऱ्या झोपेने मोजतात. त्यांच्यासाठी सामने जवळच्याच संघांत ठेवणे, निदान फुटबॉलपासून वेगळे वेळापत्रक करणे, सहज शक्य आहे. फुटबॉलमध्येही लांबचे दोन दौरे लागोपाठ नसावेत, एवढा नियम करायला पैसे पडत नाहीत.

थोडक्यात सांगायचे तर चार गोष्टी : सर्वांना सारखे सामने, शेजाऱ्याशी दरवर्षी गाठ, चार वर्षांत प्रत्येकाशी घरी-दारी भेट, आणि एका कॉन्फरन्सच्या दोन संघांत झालेला प्रत्येक सामना तक्त्यात धरलेला. एवढे केले तरी बरोबरीचे प्रसंग येतीलच. अठरा संघांत नऊ सामने म्हटल्यावर पूर्ण न्याय शक्य नाही. पण अन्याय दरवर्षी त्याच संघाच्या वाट्याला येणार नाही आणि मोठे होण्याच्या हव्यासात शेजार तुटणार नाही, एवढे तरी पाहता येते.

तेव्हा पुढच्या शनिवारी मुलाने फोन उचलला नाही, तर रागावू नका. रविवारी फोन आला की निकाल विचाराच, पण आणखी एक विचारा : "यंदा तुमचे कोणाकोणाशी सामने आहेत, आणि कोण राहिले?" तो अर्धा तास बोलेल, याची खात्री बाळगा.