घोड्याच्या पोटाखालचं नाव

"वहिनी, एक घोडा मंडळाला द्या ना. आपल्यातलेच तर आहोत आपण!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी "आपल्यातलेच" म्हणालं की मी आधी विचारते, "पैसे कोण देणार?" लोकांना राग येतो. येऊ दे. आज त्याच रागावर लिहायला बसले आहे.

या वहिनी आमच्या लष्करातल्याच. नाव लिहीत नाही, त्यांना संकोच होईल. घोडे करतात. जत्रेतले लाल-पिवळे घोडे नव्हेत. हौशी संग्राहक काचेच्या कपाटात ठेवतात ते, नऊ-दहा इंचांचे, खऱ्या घोड्याच्या मापात बसणारे. आधी तारेचा सांगाडा, मग रद्दी कागदाचा लगदा, वाळवण, खरवडणं, पुन्हा लगदा. बारीक चार पायांवर अख्खं धूड तोलायचं असतं; तार पायातून थेट खालच्या पाटापर्यंत नेली नाही तर महिन्याभरात घोडा गुडघ्यात बसतो. मारवाडी घोडा असेल तर कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकली पाहिजेत, नाहीतर जाणकार लगेच परत करतो. मग रंग: कुमैत, अबलख, मुश्की. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला तो पंचकल्याणी. रंगाचे हात पातळ, एकावर एक, मध्ये पॉलिश पेपर.

वहिनी सरस वापरत नाहीत, कारण सरस हाडा-कातड्याचा. चिंचोक्याची खळ किंवा फेविकॉल. खारीच्या केसांचा ब्रशही घरात नाही. नायलॉनच्या ब्रशने आयाळ काढायला दुप्पट वेळ लागतो, तो त्या देतात. बायांनो, दुपारच्या एकांतात, कुणी पाहत नसताना व्रत पाळणं म्हणजे आणखी काय असतं?

आणि घरात या कामाला म्हणतात काय? "टाइमपास."

एकदा आम्ही दोघींनी वहीत हिशेब मांडला. एका घोड्याला साठ तास. व्यापारी देतो बाराशे. सामानाचे तीनशे वजा करा, राहिले नऊशे. म्हणजे तासाला पंधरा रुपये! इतक्यात आमच्याकडे चाटची धड प्लेटसुद्धा येत नाही. वर तो व्यापारी पाटाखाली स्वतःच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवतो. वहिनींचं नाव कुठेच नाही. आणि हा व्यापारी परका नव्हे, रोज दर्शनाला येणारा आहे.

पंचकल्याणकाच्या वेळी चोवीस लांछनांची झांकी निघाली. तिसरे तीर्थंकर संभवनाथ, त्यांचं लांछन घोडा. तो वहिनींचा, अर्थातच फुकट. झांकीची बोली ज्या शेठजींनी घेतली त्यांचं नाव माइकवर तीनदा पुकारलं. मांडववाल्याचे आभार मानले, वीजवाल्याचेही मानले. घोडा आकाशातून पडला होता बहुतेक.

बोलीला माझा विरोध नाही, मंदिरं त्यावरच चालतात. पण पंख्यावर नाव, पायरीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव कोरणाऱ्या समाजाने बाईच्या हातच्या वस्तूवर तिचं नाव टाकायची वेळ आली की "नावाचा मोह कशाला?" असं विचारावं, याचं मला हसू येतं. नावाचा मोह फक्त बायकांनाच सोडायचा असतो का?

"हे काय, खेळणीच तर आहेत," असं म्हणणाऱ्यांना मी दोन आठवणी करून देते. पहिली, यशोधर राजाची. त्याने आणि त्याच्या आईने जिवंत नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि त्यापायी दोघांना कितीतरी जन्म दुःख भोगावं लागलं. ही कथा आपण मुलांना सांगतो. पिठाच्या आकाराला आपला धर्म इतकं गंभीरपणे घेतो; मग प्राण्याचा आकार प्रेमाने घडवणं तेवढं पोरखेळ कसं झालं? दुसरी, भगवान ऋषभदेवांची. असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं त्यांनी शिकवली. वाणिज्य आपण घट्ट धरून ठेवलं. शिल्पही त्याच यादीत आहे, हे कुणी सांगायचं?

मोठ्या कामाला मान मिळतो, हे खरं. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला पुण्यातला साडेतेरा फुटी अश्वारूढ शिवाजी १९२८ साली उभा राहिला. त्यांचं नाव आजही आदराने घेतात, आणि घ्यायलाच हवं. पण घोड्याच्या खुराची, मानेच्या वळणाची, पायाच्या शिरेची जाण नऊ इंचांत कमी लागते का? पुरुषाने चौकात उभा केला तर शिल्प आणि बाईने स्वयंपाकघराच्या ओट्यावर केला तर शोपीस, असला भेद मी मानत नाही.

परदेशात तरी सगळं छान होतं असं नाही. अमेरिकेत घोड्यांच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे, त्यात बायका-मुली खूप. मॉरीन लव्ह नावाची बाई तिथे १९५०च्या दशकापासून हेगन-रेनेकर या चिनीमातीच्या कारखान्यासाठी घोडे घडवत असे. पुढे १९७०च्या दशकात ब्रेयर कंपनीने तिच्या घडणीवरून प्लॅस्टिकचे छोटे घोडे काढले. ते असंख्य मुलींच्या हातात गेले, तेव्हा घडवणारीचं नाव किती जणींना ठाऊक असेल? पण पुढे या संग्राहकांनीच नावं शोधली, लिहून ठेवली. आता त्यांच्या प्रदर्शनांत घोडा कुणी घडवला आणि कुणी रंगवला, ही दोन्ही नावं विचारली जातात, आणि नावावर किंमत ठरते. एवढी साधी रीत आहे. त्यासाठी कायदा करावा लागला नाही, विचारायची सवय लागली.

आपल्याकडे उलटं आहे. गोपाचलावर जा. पंधराव्या शतकात, डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमरांच्या काळात, अख्खा कडा कोरून तीर्थंकर उभे केले. राजांची नावं आपल्याला पाठ आहेत. कवी रइधूचंही नाव टिकलं. छिन्नी धरणाऱ्यांपैकी एकाचं नाव तुम्हाला सांगता येतं का? मला नाही येत. पुढच्या पाचशे वर्षांनीही आपण हेच म्हणायचं का?

पण याच ग्वाल्हेरात एक वेगळं उदाहरणही आहे. अक्षय तृतीयेला इथे बाहुला-बाहुलीचं लग्न लागतं, आणि इथल्या कापडी बाहुल्यांना लोक बत्तोबाईच्या बाहुल्या म्हणतात. राजाचं नाव नाही, दुकानाचं नाही, करणाऱ्या बाईचं. म्हणजे जमतं. ठरवलं तर जमतं.

एक आक्षेप नेहमी येतो: "पैसे मागणं, नाव मागणं, हे अपरिग्रहाला धरून आहे का?" अपरिग्रह आधी त्याने पाळावा ज्याच्या गाठीला आहे. तासाला पंधरा रुपये मिळवणारीला अपरिग्रह शिकवू नका, तो तिच्यावर लादलेलाच आहे. मला दुसरं व्रत आठवतं, अचौर्य. तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच अतिचार सांगितलेत. त्यांतला एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना जास्त आणि देताना कमी मोजणं. साठ तास घेऊन पंधराच्या भावाने मोजणं हे त्यातच येतं, असं मी म्हणते. दुसऱ्याच्या कामावर आपली चिठ्ठी चिकटवणं कशात येतं, ते शेठजींनी सामायिकाला बसले असताना स्वतःला विचारावं.

आता आपल्या आपल्यात, बायांनो. चूक थोडी आपलीही आहे. "असू दे, घरचंच काम" असं आपणच म्हणतो. घोडा असो, तोरण असो, रांगोळी असो की चातुर्मासातली सजावट, तास वहीत लिहा. सामान वेगळं लिहा. दान करायचं असेल तर खुशाल करा, पण किंमत आधी सांगून करा. जी किंमत सांगितलीच नाही, तिचं दान कसं होणार? आणि पोटाखाली नाव घाला. रंग वाळायच्या आधी, सुईने, पुसता येणार नाही असं.

गेल्या महिन्यात वहिनींनी एका पंचकल्याणीच्या पोटाखाली पहिल्यांदा नाव घातलं. व्यापारी कुरकुरला, म्हणाला, गिऱ्हाईक घेणार नाही. घोडा तिसऱ्या दिवशी विकला गेला. भाव मात्र अजून बाराशेच आहे. पुढचं भांडण त्याचं, आणि तेव्हा वहिनींच्या शेजारी बसायला मला चार-पाच जणी हव्या आहेत. कोण येतंय?