वालचंदनगरचे तीन तुकडे

पायथनमध्ये ‘वालचंदनगर’ लिहा आणि रेजेक्सला सांगा, यातले शब्द शोधून दे. उत्तर येतं: ‘व’, ‘लच’, ‘दनगर’. काना गायब, अनुस्वार गायब, आणि माझ्या गावाचे तीन तुकडे.

रेजेक्स म्हणजे मजकुरात ठरावीक साचा शोधायची पद्धत. त्यात ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ म्हणजे शब्दात येऊ शकणारं कुठलंही अक्षर. पायथनची मूळ लायब्ररी ‘व’ला अक्षर मानते, पण त्याच्या कान्याला नाही. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आला की तिच्या लेखी शब्द संपला. जावास्क्रिप्टमध्ये तर हेच चिन्ह एकही मराठी अक्षर ओळखत नाही.

पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी शेतकऱ्यांच्या यादीत नावं शोधायचं काम माझ्याकडे आलं. ‘इंदापूर’चे चार तुकडे झालेले सिनियरला दाखवले. तो म्हणाला, “अरे, मराठीचा हा त्रास असतोच. लोकांकडून इंग्रजीत भरून घे ना.” तोही मराठीच. आणि मी गुपचूप तसं केलं.

मग ‘जाधव’ कुठे एका ‘ए’चा, कुठे दोन ‘ए’चा. सातबाऱ्यावर एक नाव, आमच्या यादीत तिसरंच. नाव जुळलं नाही की अर्ज परत. हेलपाटे शेतकऱ्याला, पगार मला.

म्हणून ‘मराठी कॉम्प्युटरला अवघड जाते’ हे वाक्य आता ऐकवत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. जोडचिन्हंही शब्दाचाच भाग धरा, असं युनिकोडचं १८ क्रमांकाचं तांत्रिक मानक सांगतं. पायथनबद्दलची ही तक्रार २०११ सालीच नोंदवली गेली. ‘रेजेक्स’ याच नावाची वेगळी लायब्ररी वापरली तर ‘वालचंदनगर’ अख्खं सापडतं. म्हणजे उपाय एका ओळीचा आहे. अवघड मराठी नाही, आळशी आपण आहोत.

“पण लोक इंग्रजीतच टाइप करतात,” असं म्हणणारे भेटतात. करणारच! मराठीत लिहिलं की तुमचा फॉर्म लाल अक्षरांत ‘अवैध नाव’ म्हणतो. आधी दार लावायचं आणि मग म्हणायचं, कुणी येतच नाही.

माझ्या गावातल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग बनतात. तिथे मापात फरक पडला तर ‘धातूचा त्रास असतोच’ म्हणून कुणी सुटत नाही. आपण मात्र काना गिळून कोड पुढे ढकलतो.

कोड लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पुढचा फॉर्म सोडण्याआधी त्यात आईचं नाव मराठीत टाकून बघा. तुटलं, तर तो बग आहे. दुरुस्त करा.