'अस्सल' नावाची आळशी कसोटी

'बीफ अँड ब्रॉकली? हा काही अस्सल चिनी पदार्थ नव्हे!' आमच्याकडे जेवायला आलेल्या एका प्राध्यापक-मित्रांनी ताटाकडे पाहून निकाल दिला. घास अजून तोंडात गेला नव्हता. आम्हांला नवल वाटले नाही. भाषांतरित साहित्याविषयी हेच वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत: 'मुळातली गोडी यात नाही.' बोलणाऱ्याने बहुधा मूळ वाचलेले नसते.

मित्रांचे विधान खोटे नाही, निरुपयोगी आहे. ग्वांगडाँग प्रांतातून अमेरिकेत गेलेल्या चिनी लोकांना त्यांची 'गाय लान' ही पालेभाजी (नावातल्या गायीचा आपल्या गायीशी संबंध नाही) तिथे सहज मिळत नसे. इटालियन स्थलांतरितांनी १९२० च्या दशकात व्यापारी प्रमाणावर रुजवलेली ब्रॉकली मिळे. दोन्ही एकाच वनस्पति-जातीच्या, कोबीच्या भावकीतल्या. १८८२ पासून १९४३ पर्यंत ज्या देशाने कायद्याने चिनी मजुरांना दार बंद ठेवले, तिथे टिकून राहिलेल्या माणसांनी हाती आलेल्या भाजीवर आपली रीत चालवली. नाम बदलले, क्रियापद तेच राहिले.

त्या क्रियापदाचीही कथा भाषांतराचीच आहे. चिनी 'चाव' या क्रियेसाठी 'स्टर-फ्राय' हा इंग्रजी शब्द रूढ केला तो बुवेई यांग चाओ यांच्या १९४५ च्या पाकपुस्तकाने. त्या पेशाने डॉक्टर. त्यांच्या मजकुराचे इंग्रजी केले मुलीने आणि पतीने. आणि हे पती, युएन रेन चाओ, म्हणजे 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' १९२२ मध्ये चिनीत नेणारे भाषाशास्त्रज्ञ! ज्या शब्दाने आपण 'अस्सल' मोजू पाहतो, तोच अनुवादाच्या चुलीवर शिजला आहे.

आमच्या स्वयंपाकघरात या भाषांतराचे पुन्हा भाषांतर झाले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. आम्ही 'बीफ' म्हणून आणतो ते म्हशीचे मांस. ते चिवट, म्हणून तंतूंना आडवे, पातळ काप करून सोया सॉस, कॉर्नफ्लोअर, तेल आणि चिमूटभर खाण्याचा सोडा लावून अर्धा तास मुरवले. ब्रॉकलीचे तुरे आणि सोललेले दांडे मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढले. घरच्या गॅसला हॉटेलातल्या भट्टीची आच नसते. सगळे मांस एकदम टाकले तर पाणी सुटते आणि ते परतले जाण्याऐवजी शिजते. म्हणून कढई सणसणीत तापवून दोन खेपांत परतले. शेवटी आले, लसूण, ब्रॉकली आणि तुकड्यांना धरून राहील इतकाच दाट रस.

आता टीका करायची तर इथे करावी. मांस चिवट राहिले का? ब्रॉकलीचा गाळ झाला का? रस ताटात वाहतो का? हे प्रश्न खरे, कारण त्यांना उत्तरे आहेत. 'अस्सल आहे का?' या प्रश्नाला उत्तर नको असते. विचारणाऱ्याला फक्त वरचा पाट हवा असतो.

देवलांचे 'संशयकल्लोळ' मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून आर्थर मर्फीने रचलेल्या इंग्रजी नाटकावर उभे आहे. भाषांतराचे भाषांतरच ते! फाल्गुनरावाला हसणारा प्रेक्षक मोलिएरची साक्ष काढत नाही. तेच आम्ही मास्तर मात्र विद्यार्थ्याने धडपडून केलेल्या अनुवादावर लाल शाईने 'मुळाबरहुकूम नाही' असे लिहून मोकळे होतो. कोणता शब्द निसटला, कोणती लय तुटली आणि त्या जागी विद्यार्थ्याने काय उभे केले, हे सांगण्याचे कष्ट घेत नाही. त्या लाल शेऱ्यानंतर पुन्हा अनुवादाकडे न वळलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांतले काही आमच्याच शेऱ्याचे बळी आहेत, हेही कबूल केले पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच: मूळ वाचले असेल तर ओळ दाखवा, वाचले नसेल तर समोरचे नीट वाचा. निकाल देण्यापूर्वी निदान एक घास घ्यावा.