कर्दळीचा वाफा सगळी औषधं पिऊन टाकेल?

परवा एक काकू रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, घरातल्या मुदत संपलेल्या सगळ्या गोळ्या काल संडासात टाकून दिल्या. आता काळजी नाही. आमच्या सोसायटीत सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा केलाय ना, तो सगळं शोषून घेतो म्हणे!"

कर्दळ गुणी आहे, यात वाद नाही. पण 'सगळं' या शब्दावर मी अडलो. तुमच्यापैकी अनेकांचा असाच समज असू शकतो, म्हणून हा लेख.

औषधं पाण्यात येतात कुठून?

फक्त फेकलेल्या गोळ्यांतून नाही. आपण घेतलेलं औषध शरीरात पूर्ण संपत नाही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन शरीरात जवळजवळ मोडतच नाही. रक्तात गेलेला त्याचा बहुतेक भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. अमॉक्सिसिलिनचाही मोठा हिस्सा असाच गटारात जातो. आपली सांडपाणी केंद्रं मैला, गाळ आणि जंतू कमी करण्यासाठी बांधलेली आहेत. औषधांचे रेणू पकडण्यासाठी ती बांधलेलीच नाहीत.

घाबरू नका, पेलाभर पाण्यातून तुम्हाला औषधाचा डोस मिळत नाही. नदीत हे प्रमाण सहसा फार कमी असतं. खरा धोका आहे तो पाण्यातल्या जीवांना आणि जंतूंना मिळणाऱ्या सवयीचा. सतत थोडं थोडं अँटिबायोटिक मिळालं की त्याला दाद न देणारे जंतू टिकतात आणि वाढतात.

कारखान्यांचं सांडपाणी ही याहून मोठी गोष्ट. हैदराबादजवळच्या पाटनचेरू इथे सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात येत असे. तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं, असा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही 500 मिलिग्रॅमची गोळी घेता तेव्हा रक्तात त्याचं प्रमाण लिटरमागे साधारण 2 ते 3 मिलिग्रॅमपर्यंत जातं. आता तुलना तुम्हीच करा.

झाड नेमकं काय करतं?

अशा वाफ्यात खडी आणि वाळू भरून कर्दळ, पाणकणीस, सायपरस यांसारखी झाडं लावतात आणि सांडपाणी त्यांच्या मुळांतून हळूहळू सोडतात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेची फायटोरिड पद्धत याच तत्त्वावर चालते. बरंचसं काम झाड स्वतः करत नाही. त्याच्या मुळांवर आणि खडीवर वाढणारे जीवाणू ते करतात. मुळं त्यांना जागा देतात, थोडा प्राणवायू देतात.

काही औषध मात्र झाड स्वतः शोषून घेतं. इथे गंमत आहे. आपल्या यकृतात औषध मोडणारी जशी विकरं असतात, तशीच झाडांतही असतात. म्हणून शास्त्रज्ञ झाडांना 'हिरवं यकृत' म्हणतात. पण झाडाला मूत्रपिंड नसतं. ते औषधाला साखरेचा रेणू जोडतं आणि आपल्याच पेशींत साठवून ठेवतं. म्हणजे पाण्यातून गेलेलं सगळंच औषध नाहीसं झालेलं नसतं. त्यातलं काही पानांत जाऊन बसलेलं असतं.

मग अडचण कुठे आहे?

पहिली, सगळी औषधं सारखी नसतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अशा वाफ्यांत बऱ्यापैकी मोडतात. फिट येऊ नये म्हणून दिलं जाणारं कार्बामाझेपिन मात्र चिवट. जीवाणू त्याला फारसं मोडू शकत नाहीत, आणि झाडाने शोषलं तर ते पानांत साठतं.

दुसरी, जागा. उष्ण प्रदेशातही माणशी साधारण 1 ते 2 चौरस मीटर वाफा लागतो. 800 माणसांच्या सोसायटीला किमान 800 चौरस मीटर. गेटजवळच्या चार कुंड्या आणि दहा फुटांचा वाफा ही शोभा झाली, शुद्धीकरण नव्हे.

तिसरी, छाटणी. अशा वाफ्यातली पानं गुरांना घालू नका, भाजीच्या खतातही टाकू नका. नाहीतर पाण्यातून काढलेलं औषध मागच्या दाराने ताटात यायचं.

आणि घरात बाटलीत मनी प्लँट ठेवून पिण्याचं पाणी शुद्ध होत नाही, हेही सांगून टाकतो.

माझं मत

वाफे जरूर करा. वीज कमी लागते, फुलं येतात, नाल्यात जाणारी घाण कमी होते. माझा विरोध वाफ्याला नाही, त्याच्या भरवशावर येणाऱ्या बेफिकिरीला आहे. कारखान्याचं सांडपाणी कारखान्यातच आवरलं पाहिजे, ते कर्दळीच्या गळ्यात बांधता येणार नाही. आणि आपल्या घरातून जाणारं औषध कमी करणं आपल्याच हातात आहे.

सर्दी-खोकल्याला स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका. आमच्याकडेही त्याचा आग्रह धरू नका, आणि आम्ही लिहून दिलं तर "खरंच गरज आहे का?" असं बेलाशक विचारा. लागतील तेवढ्याच गोळ्या विकत घ्या. चालू असलेलं औषध मात्र या लेखामुळे बंद करू नका.

उरलेल्या गोळ्या संडासात किंवा बेसिनमध्ये टाकू नका. 2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती; ती वेगळी बांधून द्या. मॉर्फिन, फेंटानिलसारखी जबर वेदनाशामकं घरात उरली असतील तर ती पडून ठेवू नका. त्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना लगेच विचारा, कारण ती मुलाच्या हाती लागली तर जिवावर बेतू शकतं.

सोसायटीच्या पुढच्या सभेत वाफ्याचा विषय निघाला की आणखी एक विषय मांडा: जवळच्या मेडिकलमध्ये जुनी औषधं परत घेणारी पेटी. केरळने असा उपक्रम सुरू केला आहे, मग आपण का नाही?

काकूंना मी एवढंच म्हणालो, "कर्दळीला मदत करू द्या, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका."