प्रतीची प्रत परगांवीं

घराघरांतील कागदपत्रांचें स्वरूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार पालटून गेलें आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. जे कागद पूर्वीं रुमालांत बांधून फडताळांत ठेवले जात, ते आतां संगणकांत किंवा मोबाइलमध्यें असतात. कुलवृत्तांतासाठीं मोठ्या कष्टानें जमविलेली वंशावळ, आजोबांच्या मोडी पत्रांचीं छायाचित्रें, शेताचे उतारे, मुलांचीं प्रमाणपत्रें, मुंजी-लग्नांतील फोटो, आणि एखाद्या घरीं तर आजीनें अखेरच्या वर्षीं म्हणून दाखविलेल्या जात्यावरच्या ओव्या. यांपैकीं उतारा कचेरींतून पुन्हां मिळेल, प्रमाणपत्राची दुय्यम प्रत विद्यापीठ देईल. ओव्या पुन्हां कोण म्हणणार?

या विषयावर एका भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्या लिहितात, "आमचे हे दर रविवारीं न चुकतां सगळ्या संगणकाचा बॅकअप घेतात व ती डिस्क कपाटांत कुलुपांत ठेवतात. आतां धाकटे भावजी म्हणतात कीं त्या बॅकअपचीहि एक प्रत काढून दुसऱ्या गांवीं पाठवावी. प्रतीची प्रत हा अतिरेक नव्हे काय?"

आमच्या मतें भावजींचें म्हणणें सर्वथा योग्य आहे. कपाटांतील डिस्क निरुपयोगी आहे असें नव्हे. संगणक बिघडला, किंवा नातवानें खेळतां खेळतां एखादें फोल्डर पुसून टाकलें, तर तीच उपयोगी पडेल. परंतु आग, पूर आणि चोरी या आपत्ती एका यंत्रावर येत नाहींत, साऱ्या घरावर येतात. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण शहर बुडालें. अशा वेळीं मूळ खत आणि त्याची नक्कल एकाच ट्रंकेंत असली तर पाणी दोहोंत भेद करीत नाहीं.

ही गफलत केवळ घरगुती आहे असें मात्र कोणी समजूं नये. फ्रान्समध्यें स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच नांवाच्या कंपनीचीं मोठीं संगणकगृहें आहेत. अनेक देशांतील ग्राहकांची माहिती तेथें भाड्यानें सांभाळली जाते. १० मार्च २०२१ रोजीं, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, तेथें आग लागली. एक पांच मजली इमारत पुरती जळाली, शेजारच्या इमारतीचाहि कांहीं भाग गेला. ज्यांच्या प्रती दुसऱ्या शहरांत होत्या त्यांना आपला कारभार पुन्हां उभा करतां आला. परंतु एका ग्राहकानें बॅकअपसाठीं वेगळे पैसे भरले असूनहि त्याच्या प्रती मूळ माहितीच्याच इमारतींत ठेविलेल्या निघाल्या. करारांत तर त्या अलग ठेवूं असें वचन होतें. प्रकरण लील येथील व्यापारी न्यायालयांत गेलें, आणि जानेवारी २०२३ मध्यें न्यायालयानें कंपनीस भरपाईचा हुकूम केला. हुकुमानें जळालेली माहिती कांहीं परत येत नाहीं.

आग आणि पाणी यांवर अंतर हा उपाय आहे. दुसऱ्या एका प्रकारच्या आपत्तीस मात्र अंतराचेंहि भय नसतें, व ती कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' या नांवानें पुढें ओळखला गेलेला एक विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरला. रोख युक्रेनवर होता, पण डेन्मार्कची मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनीहि त्यांत सांपडली. कंपनीच्या जाळ्यांत कोणास प्रवेश आहे, कोणास कशाची मुभा आहे, याची सारी नोंद ठेवणारे सुमारें दीडशें सर्व्हर जगभर पसरलेले होते. प्रत्येकाजवळ तीच नोंद होती, आणि ते एकमेकांशीं सतत ताळा घालीत. एखादा बंद पडला तर बाकीचे आहेतच, असा व्यवस्थापकांचा भरंवसा. त्या दिवशीं ते सगळे एकदम गेले, कारण ज्या तारांवरून ताळा घातला जाई त्याच तारांवरून तें विषहि पोंचलें. ही नोंद नसेल तर बाकीचें सारें परत मिळूनहि कंपनीस आपलें जाळें उभारतां येईना. पुष्कळ शोधाशोध केल्यावर एकच सर्व्हर शाबूत सांपडला, तो पश्चिम आफ्रिकेंत घाना देशांत. त्याच्या रक्षणाची कोणी विशेष तजवीज केली होती असें मुळींच नाहीं. घानांत वीज गेली होती, म्हणून तो त्या घटकेस जाळ्यापासून तुटलेला होता!

पुढील हकीकत आणखी मौजेची आहे. तेथील माहिती शेंकडों गिगाबाइटची. ती तारेनें इंग्लंडला पाठवावयाची तर कित्येक दिवस लागते. घानांतील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एकानें ती डिस्क घेऊन नायजेरियाचें विमानतळ गांठलें, तेथें ती दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि त्यानें ती लंडनला पोंचविली. मग सुमारें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें सज्ज करण्यांत आले.

आपल्या घरीं "आमचे फोटो आपोआप क्लाउडवर जातात" असें जे निश्चिंतपणें सांगतात, त्यांनीं या कथेचा विचार करावा. आपोआप जाणें म्हणजे बहुधा ताळा घालणेंच असतें. मोबाइलमधून फोटो पुसला कीं तो तिकडूनहि पुसला जातो. कांहीं दिवस तिकडच्या कचरापेटींत राहतो, इतकेंच. म्हणून निदान एक प्रत अशी असावी कीं जी दूर आहे आणि तुटलेलीहि आहे, म्हणजे जिच्यापर्यंत इकडची चूक तारेनें पोंचूं शकत नाहीं.

हें तत्त्व आमच्या वाचकांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ मध्यें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ मध्यें तडीस नेलें. त्यासाठीं १,२५९ हस्तलिखितें ताडून पाहिलीं गेलीं. त्यांत काश्मीरकडील शारदा लिपींतील होतीं, बंगाली, नेपाळी, तेलुगु, ग्रंथ आणि मलयाळम् लिपींतीलहि होतीं. संपूर्ण निर्दोष अशी पोथी एकहि नाहीं. परंतु काश्मिरांतील लेखकाच्या हातून जेथें चूक झाली, तेथें मलबारांतील लेखकाच्या हातून झाली असेलच असें नव्हे. कारण त्या पोथ्या शतकानुशतकें परस्परांपासून दूर, निरनिराळ्या हातांनीं उतरल्या जात होत्या. त्या सर्व एकाच मठांत, एकीवरून दुसरी, अशा उतरल्या असत्या तर एकीची चूक सर्वांची झाली असती, आणि सुकथनकरांसारखा संपादक असूनहि ती सुधारावयास साधन उरलें नसतें.

"पण आमचे फोटो फार आहेत, इतकी मोठी दुसरी प्रत ठेवावयाची कोठें?" असा आक्षेप नेहमीं येतो. दक्षिण कोरियाच्या सरकारनेंहि आपल्या अधिकाऱ्यांच्या सामाईक साठवणीविषयीं हेंच कारण दिलें होतें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं देजॉन येथील सरकारी संगणकगृहास आग लागून ८५८ टेराबाइट माहिती गेली, आणि तिची दुसरी प्रत नव्हती. घरगुती संग्रह याच्या पासंगासहि लागत नाहीं. एक टेराबाइटच्या डिस्कमध्यें बहुतेक कुटुंबांचें सर्वस्व मावतें. मात्र ती तारेनें पाठविण्याचा हट्ट नसावा. दर सेकंदास २० मेगाबिट या वेगानें एक टेराबाइट चढवावयास अखंड साडेचार दिवस लागतात; पुण्याहून नागपूरला जाणारा पाहुणा तीच डिस्क एका रात्रींत पोंचवितो.

आतां कृतीकडे वळूं. बॅकअपचा प्रोग्रॅम प्रथम सर्व फायलींचा एक मोठा रुमाल बांधतो, त्यास अर्काइव्ह म्हणतात. त्यानंतर पुष्कळ प्रोग्रॅम दर खेपेस नुसत्या बदललेल्या फायलींचे लहान रुमाल बांधीत जातात. हे लहान रुमाल मोठ्यावांचून उघडत नाहींत. म्हणून "ताजें तेवढें पाठवूं" असा सोपा मार्ग कोणी धरूं नये. मोठा रुमाल व त्यामागील सर्व लहान रुमाल मिळून जी सांखळी होते, ती अखंड गेली पाहिजे. प्रोग्रॅममध्यें अशी सबंध सांखळी दुसऱ्या ठिकाणीं निर्यात करण्याची सोय असेल तर तीच वापरावी. हातानें एकेक फाइल उचलूं गेल्यास एखादा दुवा हमखास मागें राहतो.

प्रत उतरल्यावर ती मुळाबरहुकूम आहे कीं नाहीं तें मोहरेवरून पाहावें. एसएचए-२५६ नांवाच्या रीतीनें फाइल केवढीहि असो, तिच्यापासून ६४ अक्षर-अंकांची एक मोहर निघते. आंत एक टिंब बदललें तरी ती सर्वस्वीं निराळी येते. इकडची व तिकडची मोहर जुळली म्हणजे वाटेंत कांहीं सांडलें नाहीं असें खुशाल समजावें. अर्थात् मूळचा रुमालच कुजका असेल तर दोन्ही मोहरा जुळतील आणि माल कुजकाच राहील! यास्तव वर्षांतून एकदां परगांवची प्रत तेथील संगणकावर खरोखर उघडावी, आणि दहा-वीस फोटो, दोन-चार पत्रें व एखादें ध्वनिमुद्रण बाहेर काढून पाहावें.

हा शेवटला भाग बहुतेक लोक गाळतात, आणि जाणते लोकहि गाळतात. गिटलॅब ही तर संगणक-तज्ज्ञांचेंच काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तिच्या एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू माहिती पुसली गेली. रोजच्या प्रती दूरच्या साठवणींत जात आहेत अशी सर्वांची समजूत होती. उघडून पाहतां तेथें कांहींच नव्हतें. प्रती काढणारा प्रोग्रॅम आवृत्ति न जुळल्यामुळें निमूटपणें नापास होत होता, आणि तसें कळविणारीं ई-पत्रें कोणास पोंचत नव्हतीं. एकानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं काढलेली एक प्रत सुदैवानें हातीं होती, म्हणून सहा तासांच्या नुकसानीवर निभावलें.

प्रत कोणाकडे द्यावी, हा प्रश्न आमच्या कुटुंबांस जड जाऊं नये. एका वाड्यांत नांदणारीं घरें आज पुणें, ठाणें, इंदूर, बंगळूर, कोणी परदेशीं, अशीं पांगलीं आहेत. त्याबद्दल वडीलधारीं माणसें हळहळतात. या एका कामीं तें पांगणें उपकारक आहे. डिस्क सुनेच्या माहेरीं ठेवावयास आमची कांहींच हरकत नाहीं, मात्र माहेर त्याच पेठेंत नसावें. आणि ज्याच्याकडे द्यावयाची तो यंत्रांत प्रवीण असण्यापेक्षां वस्तु जागच्या जागीं ठेवणारा असावा. आमचा अनुभव असा कीं हा गुण घरांतील स्त्रियांच्या ठिकाणीं अधिक आढळतो, परंतु पासवर्ड मात्र त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

ही गोष्ट खरोखर गंभीर आहे. डिस्क दुसऱ्याच्या घरीं जाणार, तेव्हां अर्काइव्हला कुलूप लावणें अवश्यच. पण चांगल्या कुलपाची किल्ली हरवली तर कोणीहि कारागीर तें उघडून देत नाहीं. मग प्रत असून नसल्यासारखी. कर्त्या पुरुषानें सर्व व्यवस्था चोख करावी, किल्ली आपल्याच स्मरणांत ठेवावी, आणि एके दिवशीं तोच नाहींसा व्हावा, हें कांहीं अशक्य नाहीं. म्हणून पासवर्ड शाईनें कागदावर, स्पष्ट अक्षरांत लिहावा. अर्काइव्ह कोणत्या प्रोग्रॅमनें बांधलें, त्याची आवृत्ति कोणती, हेंहि त्याखालीं लिहावें. तें पाकीट बंद करून डिस्क जेथें आहे त्याहून तिसऱ्या ठिकाणीं, बँकेच्या लॉकरमध्यें किंवा दुसऱ्या भावाच्या घरीं ठेवावें, आणि तें कोठें आहे हें निदान दोघांस, त्यांपैकीं एका स्त्रीस, ठाऊक असावें.

दोन डिस्का असल्या तर फारच सोय होते. दिवाळीस येणाऱ्यानें परगांवची जुनी घेऊन यावें व जातांना नवी न्यावी. नवी तिकडे पोंचून, उघडून, मोहर जुळल्याचा निरोप येईपर्यंत जुनी पुसावयास घेऊं नये.