दाखला काढण्याआधी

वार्षिक निकाल लागले की सरकारी रुग्णालयांच्या बालरोग आणि मानसोपचार विभागांत आठ-नऊ वर्षांच्या मुलांची एक ठरावीक गर्दी सुरू होते. आईच्या हातात शाळेची डायरी असते आणि डायरीत लाल शाईचे शेरे असतात. जागेवर बसत नाही, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, मध्येच बोलतो. गेल्या काही वर्षांत या पालकांकडून एक नवा प्रश्न येऊ लागला आहे: याला शाळेतून काढून घरीच शिकवले तर?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ज्याचे लक्ष दर दोन मिनिटांनी उडते, त्या मुलाचा दिवस कसा जातो ते पालक रोज संध्याकाळी पाहतात. करोनाकाळात शाळा बंद होत्या तेव्हा काहींचे मूल घरी शांत झाले, काहींचे पडद्यासमोर दहा मिनिटेही टिकले नाही. दोघेही आज तोच प्रश्न विचारतात. मात्र बहुतेक वेळा तो निदान होण्याच्या आधी विचारला जातो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, हे निदान एका शेऱ्यावर होत नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी सुरू झालेली हवीत, किमान ६ महिने टिकलेली हवीत आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करणारे मूल एडीएचडीचे नसते, कदाचित त्याला गणित येत नसते. कानात मळ किंवा पाणी साचल्याने कमी ऐकू येणारे, चष्मा लागलेला असून तो न मिळालेले, रक्तात लोह कमी असलेले मूलही वर्गात हरवल्यासारखे दिसते. ॲडेनॉइडच्या गाठी वाढल्या की मूल रात्री घोरते, झोप तुटते आणि दिवसा त्याची चिडचिड, धावपळ वाढते. फिट येण्याचा एक प्रकार असा असतो की मूल काही सेकंद नुसते टक लावून थांबते आणि पुन्हा कामाला लागते. शिक्षकांना ते दिवास्वप्न वाटते. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का अधिक बसतो, हे कॅनडा, तैवान अशा देशांतल्या नोंदींतून दिसून आले आहे. उलट एका कोपऱ्यात गप्प बसणारी, वह्या अपूर्ण ठेवणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही म्हणून वर्षानुवर्षे सुटून जाते. यांतल्या कोणालाही घरी बसवून मूळ कारण जाणार नाही, ते फक्त नजरेआड होईल.

‘मोबाइलवर तासभर हलत नाही, मग लक्ष नाही कसे म्हणता?’ हा आजोबांचा आक्षेप ठरलेला. या मुलांत लक्ष नसते असे नाही. ते हवे तिथे नेण्याचा आणि हवे तेवढा वेळ धरून ठेवण्याचा ताबा कमी असतो. पडदा दर काही सेकंदांनी नवे काही दाखवतो आणि बक्षीसही लगेच देतो. नऊचा पाढा तसे काही करत नाही.

घरी शिकवल्याने काय होते? समोर एकच मूल, पंधरा मिनिटांचा अभ्यास, मग अंगणात एक चक्कर, चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्ती. एडीएचडीच्या मुलाला नेमके हेच लागते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अगदी छोट्या अभ्यासात घरी शिकणारी अशी मुले वर्गातल्या मुलांपेक्षा अधिक वेळ प्रत्यक्ष अभ्यासात गुंतलेली आढळली. मूठभर मुलांवरून मोठा निष्कर्ष काढू नये, पण निरीक्षण पटण्यासारखे आहे. मात्र लक्षणे कमी दिसणे आणि आजार कमी होणे एक नव्हे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, गोंगाटात काम पुरे करणे, मित्राशी भांडून पुन्हा जुळवून घेणे या गोष्टी या मुलांना इतरांपेक्षा जास्त अवघड जातात, आणि त्यांचा सराव घरात होत नाही.

शिवाय शिकवणार कोण? आपल्याकडे नोकरी सोडते ती बहुधा आई. दात घास, अंघोळ कर, दूध संपव म्हणणारीच दहा वाजता बाई होते आणि संध्याकाळी पुन्हा आई. दिवसभर एकच माणूस टोकत राहिले की नाते आंबते. आणखी एक बाब फार कमी बोलली जाते. एडीएचडी घराण्यात चालतो. मुलाच्या आई किंवा वडिलांमध्येही तो असण्याची शक्यता बरीच असते. ज्याने घरचे वेळापत्रक काटेकोर चालवायचे, तोच कधी कधी रोज सकाळी गाडीची किल्ली शोधत असतो. हा दोष नव्हे, पण निर्णय घेताना हिशेबात धरायला हवा.

म्हणून दाखला काढण्याआधी उपचाराला एक प्रामाणिक संधी द्यावी, साधारण एका सत्राची. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांना १४ महिने वेगवेगळे उपचार दिले गेले. काळजीपूर्वक मात्रा ठरवून, नियमित तपासणी करत दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे वर्तन-उपचारांपेक्षा जास्त कमी झाली. दोन्ही एकत्र दिले तेव्हा इतर काही बाबतींतही मदत झाली. मेथिलफेनिडेट या औषधाची पालकांना भीती वाटते. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजत राहावे लागते, पण मूल त्याने ‘गुंगीत’ राहत नाही. राहिलेच तर मात्रा चुकली असे समजावे. हे औषध विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीची प्रत ठेवून घ्यावी लागते. त्यामुळे ते सगळ्या दुकानांत मिळत नाही आणि तालुक्याच्या गावातल्या आईला महिन्याच्या गोळ्यांसाठी एसटीने शहर गाठावे लागते. अनेकांचे उपचार तुटतात ते दुष्परिणामांमुळे नाही, या फेऱ्यांमुळे.

शाळेत करायच्या गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत. पहिला बाक, दार-खिडकीपासून दूर. एका वेळी एकच सूचना. दहा उदाहरणांऐवजी पाच. फळा पुसणे, वह्या गोळा करणे अशी उठण्याची अधिकृत संधी. आणि सर्वांत उपयोगी म्हणजे रोजची छोटी चिठ्ठी. तीनच गोष्टी ठरवायच्या, उदाहरणार्थ जागेवर बसणे, हात वर करून बोलणे, वर्गपाठ पुरा करणे. बाईंनी फक्त हो किंवा नाही अशी खूण करायची आणि घरी त्याच दिवशी त्याचे छोटे बक्षीस द्यायचे, रात्री एक जादा गोष्ट किंवा वडिलांबरोबर क्रिकेट. महिन्याच्या शेवटी सायकल घेऊन देण्याचे आश्वासन या मेंदूला फार लांबचे वाटते. लाल शाईच्या शेऱ्यापेक्षा ही चिठ्ठी लिहायला वेळही कमी लागतो.

काही शाळा मात्र हे करण्याऐवजी पालकांना बोलावून सुचवतात, ‘तुम्हीच दाखला काढून घ्या, घरी शिकवा.’ याला गृहशिक्षण म्हणू नये, ही हकालपट्टी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करते. असा तोंडी सल्ला मिळाला तर पालकांनी तो लेखी मागावा. बहुतेक वेळा तो लेखी मिळत नाही, आणि विषय तिथेच थांबतो.

हे सगळे करूनही काही मुले उरतात. सकाळी दप्तर पाहिले की उलटी करणारी, वर्गात रोज अपमान सोसणारी, ‘मला जगायचेच नाही’ म्हणू लागलेली. त्यांच्यासाठी काही काळ घरी शिकणे हा शहाणा निर्णय असू शकतो. कायदा मुलाला शाळेत घालणे पालकांचे कर्तव्य म्हणतो, पण ते न पाळल्याबद्दल शिक्षा सांगत नाही. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडवत जाता येते. ज्याचे लक्ष एका महिन्यात सहा पेपरांना पुरत नाही, त्याला ही सोय मोलाची आहे.

पण घरी बसताना दोन गोष्टी हातातून सुटतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, घरी येत नाही. तेव्हा डोळे, कान, दात, हिमोग्लोबिन यांची तपासणी पालकांनाच आठवणीने करून घ्यावी लागते. दुसरे, अपंग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अनेक मुलांत हे दोन्ही एकत्र असते. अध्ययन अक्षमतेची चाचणी आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. शाळा सुटली की ही चाचणी करून घ्या म्हणणारेही कोणी उरत नाही.

घरी शिकवायचे ठरवले तर दर सहा महिन्यांनी मुलाची पुन्हा तपासणी व्हावी, औषध चालू असेल तर त्याआधीही. आठवड्यात काही तास मैदान, पोहणे, तबला असे इतर मुलांबरोबरचे काहीतरी हवे. आणि मूल सावरले तर परतीची वाटही आहे. त्याच कायद्याचे कलम ४ प्राथमिक शिक्षण अपुरे राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क देते.